‘घाबरू नका’ म्हणण्याआधी नीट समजावून सांगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी माझी फुफ्फुसांची दुर्बीण तपासणी, म्हणजेच ब्रॉंकोस्कोपी झाली. दोन महिने न थांबलेला खोकला, सीटी स्कॅनमध्ये दिसलेला डाग आणि तपासायला द्यावी एवढीही थुंकी न पडणे या कारणांमुळे डॉक्टरांनी ती सुचवली होती, आणि त्यांचा तो निर्णय योग्यच होता. मात्र माझ्या हाती जी चिठ्ठी आली, तिच्यावर तारीख, वेळ आणि ‘उपाशीपोटी यावे’ एवढेच लिहिलेले होते. त्यानंतरचे आठ दिवस मी ज्या भीतीत काढले, त्यातली बरीचशी भीती पुरेशी माहिती न मिळाल्यामुळे होती, असे आज मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या तपासणीची भीती इतर तपासण्यांसारखी नसते. ज्या वाटेने श्वास घ्यायचा त्याच वाटेत नळी जाणार असेल, तर श्वास घ्यायचा कुठून, हा एकच प्रश्न रात्रंदिवस डोक्यात फिरत राहतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी श्वास रोखून किती वेळ तग धरता येतो, ते मोजत असे आणि त्याने अधिकच घाबरी होत असे. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी ‘अगं, काही होत नाही, थोडा वेळच तर लागतो,’ असे म्हणून धीर दिला. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण माझा प्रश्न तिथेच राहिला.

वास्तविक त्या प्रश्नाला साधे, मोजमापाचे उत्तर आहे. प्रौढ माणसाची मुख्य श्वासनलिका साधारणपणे दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते आणि नेहमीच्या दुर्बिणीची लवचीक नळी जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या साध्या पेन्सिलीहून बारीक असते. त्यामुळे नळी आत असतानाही तिच्या भोवतीने हवा ये-जा करत राहते. शिवाय नाकाशी प्राणवायू सुरू असतो आणि बोटाला लावलेला चिमटा रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण सतत दाखवत असतो. हे मला आठ दिवस आधी कोणी सांगितले असते, तर घरातली पेन्सिल हातात धरून मी स्वतःची समजूत घातली असती.

घरातल्या मोठ्यांच्या मनात या तपासणीचे जे चित्र असते, ते पुष्कळदा जुन्या, ताठ नळीचे असते. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्टाव किलियन यांनी एका रुग्णाच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा बाहेर काढला, तो अशाच सरळ नळीतून. वाकणारी दुर्बीण जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात आणली. ताठ नळी आजही काही विशिष्ट उपचारांसाठी, पूर्ण भूल देऊन वापरतात, पण माझ्यासारख्यांच्या तपासणीत बहुधा तिचा संबंध येत नाही.

गुंगीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिथे दोन परस्परविरुद्ध भीती एकाच मनात नांदतात. गुंगीतून आपण जागेच झालो नाही तर, ही एक आणि गुंगी पुरेशी चढलीच नाही आणि सगळे कळत राहिले तर, ही दुसरी. अशा तपासणीत बहुतेक वेळा शिरेतून मिडाझोलामसारखे औषध आणि कधी त्याच्या जोडीला फेंटॅनिल थोड्या थोड्या मात्रेत, रुग्णाकडे लक्ष ठेवत देतात. ही पूर्ण भूल नसते. रुग्ण स्वतःच श्वास घेत असतो आणि हाक मारली तर सहसा प्रतिसादही देतो. या दोन्ही औषधांचा परिणाम उतरवणारी औषधे उपलब्ध आहेत. मिडाझोलाममुळे त्या वेळचे पुष्कळसे पुढे आठवत नाही. मला कोणाचा तरी ‘आता थोडा खोकला येईल’ हा आवाज आणि खांद्यावर ठेवलेला हात एवढेच आठवते.

आठवते ते त्याआधीचे. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारला, तो कमालीचा कडू होता आणि मिनिटभरात घसा भरून आल्यासारखा, जणू बंद झाल्यासारखा वाटू लागला. मी उठून बसले. तेव्हा तिथल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “ताई, घसा सुजल्यासारखा वाटतोय, पण सुजलेला नाही. एकदा गिळून बघा.” मी गिळले, आणि गिळता आले. संपूर्ण तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडलेले वाक्य तेच होते. मात्र ते ऐन वेळी ऐकायला मिळाले, तेही त्या सिस्टरांना माझा चेहरा वाचता आला म्हणून.

संमतीपत्राचेही तसेच झाले. हाताला सुई लावलेली असताना ते माझ्यापुढे धरले गेले आणि मी न वाचता सही केली. रक्त येणे, ताप येणे, फुफ्फुसातला तुकडा तपासणीसाठी घेतल्यास फुफ्फुसाभोवती हवा साठणे, असे धोके त्यात लिहिलेले असतात. ते क्वचित उद्भवतात, पण ते चार दिवस आधी, घरी बसून वाचायचे असतात. आपल्याला काय विचारायचे आहे, हेही माणसाला तेव्हाच सुचते.

रुग्णांनीही आपली भीती लपवू नये, असे मला कळकळीने वाटते. पूर्वी कधी घाबरून जीव कासावीस झाला असेल, बंद जागेत गुदमरल्यासारखे होत असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारूची सवय असेल, तर ते आधीच सांगावे, कारण गुंगीची मात्रा ठरवताना त्याचा विचार करावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचेही विचारून घ्यावे. मन शांत व्हावे म्हणून घरातली एखादी गोळी परस्पर घेऊन जाणे धोक्याचे आहे, कारण तिचा परिणाम गुंगीच्या औषधात मिसळतो. नळी स्वरयंत्रातून जात असल्याने त्या वेळी बोलता येत नाही, म्हणून हाताची एखादी खूण आधीच ठरवून घ्यावी. मला ते सुचले नव्हते. शेवटच्या दोन दिवसांत मी नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून अधिक सावकाश सोडण्याचा सराव केला, आणि टेबलावर आडवी झाल्यावर छातीतली धडधड त्यामुळेच थोडी आवरली.

तपासणीनंतर घसा जागेवर येईपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा घोटही मिळत नाही. आवाज बसतो, थुंकीत रक्ताची रेघ दिसू शकते, चोवीस तास वाहन चालवायचे नसते आणि घरी नेणारे माणूस सोबत लागते. हे सारे मला नंतर समजले. अहवालाची वाट पाहणे ही वेगळीच परीक्षा, कारण क्षयाच्या जंतूंच्या वाढीचा अहवाल यायला सहा आठवडेही लागू शकतात आणि तेही कोणी सांगितलेले नसते.

रुग्णालयांत गर्दी असते आणि डॉक्टरांना वेळ नसतो, हे मी पाहिले आहे. म्हणून माझी मागणी लहानच आहे. तपासणीची तारीख देतानाच रुग्णाला सोप्या मराठीतले एक पान आणि संमतीपत्राची प्रत द्यावी, आणि प्रश्न विचारण्यासाठी एखाद्या सिस्टरांची दहा मिनिटे राखून ठेवावीत. घन आहार किती तास आधी बंद करायचा आणि पाणी कधीपर्यंत चालते, हेही त्या पानावर स्पष्ट असावे. ‘उपाशीपोटी’ या एका शब्दाचा अर्थ लावताना मी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतले नव्हते.

आपली नम्र,
एक वाचक