पितृत्व रजा कोणाला मिळते, कोणाला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरदार वडिलांच्या पगारी पितृत्व रजेविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे आलेली पत्रे वाचली. एका वाचकाने ही रजा आता कायद्याने सगळ्यांनाच मिळते असे गृहीत धरले आहे, तर दुसऱ्याने आपल्या देशात अशी रजा अस्तित्वातच नाही असे ठामपणे लिहिले आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत 1984 ते 2019 अशी पस्तीस वर्षे मी रजेचे अर्ज तपासण्याचे काम केले, त्यामुळे या दोन्ही समजुतींत काय चुकते आहे ते सांगणे मला माझे कामच वाटते.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा देण्याचे आदेश पाचव्या वेतन आयोगानंतर, ऑक्टोबर 1997 मध्ये निघाले आणि पुढे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 यांत 43-अ हा नियम त्यासाठी घालण्यात आला. ज्याची हयात अपत्ये दोनपेक्षा कमी आहेत अशा पुरुष कर्मचाऱ्याला, यात शिकाऊ उमेदवारही आले, पत्नीच्या बाळंतपणासाठी 15 दिवसांची रजा मिळते. प्रसूतीच्या आधी 15 दिवसांपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ती केव्हाही घेता येते. रजेवर जाण्यापूर्वी जे वेतन मिळत होते तेवढेच रजावेतन मिळते, ही रजा अर्जित रजेच्या, म्हणजे नोकरी करता करता साठत जाणाऱ्या रजेच्या, खात्यातून वजा होत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या रजेला जोडूनही घेता येते. एक वर्षाच्या आतले मूल दत्तक घेणाऱ्या वडिलांसाठी याच धर्तीचा वेगळा नियम आहे, आणि जून 2024 च्या दुरुस्तीने सरोगसीतून झालेल्या मुलाच्या वडिलांनाही हा हक्क मिळाला. ही रजा सर्वसाधारणपणे नाकारली जाऊ नये असे नियमातच लिहिलेले आहे, आणि रजेच्या एकूण नियमांत इतकी स्पष्ट भाषा फारच थोड्या ठिकाणी आढळते. ‘रजा हा हक्क नव्हे’ हे वाक्य तर आम्ही आस्थापनेतली माणसे उठता-बसता ऐकवत असू.

तरीही या रजेचे जेवढे अर्ज यायला हवे होते तेवढे माझ्या टेबलावर कधी आले नाहीत. मुदतीत न घेतलेली पितृत्व रजा व्यपगत होते, म्हणजे कायमची जाते. ती पुढे शिल्लक राहत नाही आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसेही मिळत नाहीत. एका तरुण सहकाऱ्याने बाळाला सहा महिने पूर्ण होऊन नऊ दिवस झाल्यावर अर्ज दिला होता. मधल्या काळात कार्यालयात लेखापरीक्षण चालू होते, ‘ते आटोपल्यावर जा’ असे त्याला तोंडी सांगण्यात आले होते, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीची नोंद फाईलवर कुठेच नव्हती. नियमाप्रमाणे अर्ज परत करण्याची टिप्पणी मीच लिहिली. त्याने पुढे अर्जित रजा घेतली. पण त्या टिप्पणीवर सही करताना वाटलेला संकोच मला अजून आठवतो.

केंद्राच्या नोकरीबाहेर पाऊल टाकले की चित्र झपाट्याने बदलते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत, बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातील द्विपक्षीय करारानुसार, 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र केंद्राचे नियम आपोआप लागू होत नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 आहेत. तेव्हा केंद्रात नोकरी करणाऱ्या मेहुण्याला रजा मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असे कोणी धरून चालू नये. सिक्कीमसारख्या छोट्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी 2023 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एक महिन्याच्या पितृत्व रजेची घोषणा केली होती.

खासगी क्षेत्रात तर पितृत्व रजा देण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन आईची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, तेव्हा वडिलांचा विचार झाला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मातृत्व लाभाचे स्वतंत्र प्रकरण आहे, पण पितृत्वाचे नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला 8 दिवसांची नैमित्तिक रजा आणि ठरावीक दिवस काम केल्यावर दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली आहे. मूल झाले म्हणून बापाला वेगळी रजा मात्र तिथेही नाही. म्हणजे खासगी कंपनीतील बापाचा हक्क किती, हे त्या कंपनीच्या रजा धोरणावर आणि नेमणूकपत्रातील अटींवर ठरते. झोमॅटोने 2019 मध्ये आई आणि वडील दोघांनाही 26 आठवड्यांची रजा जाहीर केली होती. दुसऱ्या टोकाला दोन-तीन दिवसांवर बोळवण करणाऱ्या आणि तेवढीही न देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या धोरणात काय लिहिले आहे ते पत्नीला दिवस गेले की लगेच वाचावे आणि शंका असेल तर ती ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. कॅन्टीनमध्ये मिळालेली माहिती रजेच्या बाबतीत सहसा चुकीची असते.

हे मी जरा जोर देऊन लिहितो आहे, कारण माझ्याच घरात हा प्रसंग घडला. माझा मुलगा एका खासगी कंपनीत आहे. कंपनीच्या धोरणात पितृत्व रजा पाच दिवसांची, आणि तीही बाळाच्या जन्मापासून एक महिन्याच्या आत घ्यायची, अशी होती. पहिले बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे सून माहेरी अकोल्याला गेली होती. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली, मुलगा पुण्याहून धावत गेला आणि पाच दिवसांतले दोन तर जाण्या-येण्यातच गेले. तिथे तिची आई, काकू, मालिशवाली बाई अशी सगळी फौज होती. जावयाला काम काय, तर औषधे आणणे आणि आल्या-गेल्याशी बोलत बसणे. तीन महिन्यांनी सून बाळाला घेऊन परत आली आणि पुढे काही आठवड्यांनी, बाळ पाच महिन्यांचे होण्याच्या सुमारास, तिची रजा संपून ती कामावर रुजू झाली. बापाची खरी गरज त्या पंधरवड्यात होती. बाटलीने दूध घ्यायची सवय लावणे, पाळणाघराची पारख, दुपारच्या झोपेचे गणित, सगळे तेव्हाच बसवायचे होते. पण रजा केव्हाच संपलेली होती.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल अजून बऱ्याच घरांत टिकून आहे, आणि तिच्यात बाळंतिणीला विश्रांती मिळावी ही काळजीच आहे. पण कंपन्यांचे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती चाल नसते. म्हणून रजेचे दिवस किती यापेक्षा ती कधीपर्यंत घेता येते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्राच्या नियमातील सहा महिन्यांची मुदत या दृष्टीने फार उपयोगाची आहे. आईने आपल्या रजेचा काही भाग प्रसूतीपूर्वी वापरला असेल, तर बाळाला सहा महिने पूर्ण होण्याआधीच तिला रुजू व्हावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी वडिलांना आपले 15 दिवस घेता येतात. माझ्या नोकरीच्या काळात असा विचार करून अर्ज केलेले कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

यामागे एक जुनी समजूत आहे, आणि ती सरकारी नियमांतही डोकावते. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषांपैकी ती मिळाली ती ज्यांची पत्नी हयात नाही किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे अशांना. केंद्राच्या 730 दिवसांच्या बालसंगोपन रजेचे दारही पुरुषांपैकी फक्त अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित वडिलांसाठी उघडले. अशा वडिलांना ती मिळायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण आई नसेल तरच बाप मूल सांभाळणार, हे गृहीतक त्यातून स्पष्ट दिसते. 1976 साली सुनील गावसकर परदेश दौऱ्यावर असताना त्यांचा मुलगा रोहन जन्मला. 2020 मध्ये विराट कोहली कर्णधार असूनही अ‍ॅडलेडच्या कसोटीनंतर पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी ऑस्ट्रेलियाहून परतला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर त्याला नावे ठेवणारेच जास्त होते. (पुढे मेलबर्नला अजिंक्य रहाणेने शतक ठोकून सामना जिंकून दिला, तेव्हा कुठे ती चर्चा थांबली!) मी तरी कोणत्या तोंडाने बोलावे? 1991 मध्ये माझा मुलगा झाला तेव्हा ही रजा नव्हती, मी तीन दिवस नैमित्तिक रजा टाकली आणि चौथ्या दिवशी पेढे घेऊन कार्यालयात हजर झालो. त्याबद्दल साहेबांनी माझे कौतुक केले होते आणि मला ते आवडलेही होते.

कायदा करण्याचे प्रयत्न झाले, ते महाराष्ट्राच्या खासदारांकडून झाले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. हिंगोलीचे तत्कालीन खासदार दिवंगत राजीव सातव यांनी 2017 मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेले विधेयक, आणले होते. असंघटित आणि खासगी क्षेत्रातील वडिलांनाही रजा मिळावी हा त्याचा उद्देश होता. डिसेंबर 2025 मध्ये सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकाचे कायद्यात रूपांतर होणे आपल्याकडे अत्यंत दुर्मीळ, त्यामुळे सरकारने स्वतः विधेयक आणल्याशिवाय यातून फारसे निघेल असे मला वाटत नाही.

तसे विधेयक आले, तर पैसे कोणी द्यायचे हा मुद्दा आधी सोडवावा लागेल. आईच्या 26 आठवड्यांच्या पगाराचा भार आज बहुतेक ठिकाणी एकट्या मालकावर पडतो आणि त्यामुळे लहान उद्योजक तरुण मुलींना नोकरीवर घेताना कचरतात, हे उघड गुपित आहे. बापाच्या रजेचा भारही तसाच टाकला तर पळवाटा निघतील. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो, आणि विमाधारक स्त्रीला बाळंतपणातील पगाराची भरपाई त्या निधीतून मिळते. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला पुरुष कामगारही हीच वर्गणी भरतो, मात्र मूल झाल्यावर त्याला स्वतःसाठी रजेचा कोणताही लाभ मिळत नाही. त्याच्या 15 दिवसांची भरपाई याच निधीतून देण्यापासून सुरुवात करता येईल. अर्थात ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून उचल घेणाऱ्या जोडप्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. तिथे बाई बाळंत झाली की तो कोयताच अर्धा होतो, आणि फिटायची राहिलेली उचल मात्र पूर्ण असते. त्यांच्यासाठी वेगळीच तजवीज लागेल, आणि तो विषय या पत्रात मावणारा नाही.

तूर्त एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. केंद्र सरकारच्या सेवेतील ज्या वाचकांच्या बाळाला अद्याप सहा महिने पूर्ण झालेले नाहीत आणि ज्यांनी पितृत्व रजा घेतलेली नाही, त्यांनी बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज करावा, आवक नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी आणि पोच स्वतःजवळ ठेवावी. ‘मार्च संपल्यावर बघू’ असे कोणी सांगितल्यास तेही लेखी मागावे.

आपला नम्र,
एक निवृत्त आस्थापना कर्मचारी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)