चि. बापूस, छकुलीच्या झोपेबद्दल

परभणी
एप्रिल, रविवार दुपार

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, छकुलीला झोप लागावी म्हणून काही थेंब मिळतात का. देऊ नकोस. मेडिकलवाल्यानं काढून दिले तरी नको, शेजारच्या मावशींनी गुटी उगाळून आणली तरी नको, आणि मधाचं बोट तर वर्षाची होईस्तोवर मुळीच नको. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्या माणसाला ती काही करत नाहीत, पण तान्ह्या लेकराच्या आतड्यात रुजली की अंग लुळं पडतं, श्वासावर बेततं. पूर्वी खुरपणी-वेचणीला जाणाऱ्या बाया लेकराला अफूचा कण चाटवायच्या. लेकरू दिवसभर गप पडून राही आणि सगळे म्हणत, गुणाचं आहे, झोपतंय. त्या बायांना मी दोष देत नाही, रोज बुडाला तर चूल पेटत नव्हती. पण ती झोप नव्हती, ती गुंगी होती, आणि काही लेकरं त्या गुंगीतून उठलीच नाहीत. उपकेंद्रातल्या नोकरीत घरोघर फिरून मी हेच सांगत आले. आता माझ्या नातीच्या बाबतीत तुला सांगते आहे.

तिची झोप हरवलेली नाही, हे आधी समजून घे. पहिल्या तीन महिन्यांत लेकरं दिवसरात्र मिळून 14 ते 17 तास झोपतात. मी तिथं होते तेव्हा पाहिलं, छकुली तेवढी झोपते. फक्त त्यातली बरीचशी झोप दिवसा होते. वजन नीट वाढतंय, दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होतात, अंगावर पोटभर पिते, जागी असली की तोंडाकडं बघून हुंकार देते. लेकरू ठणठणीत आहे. वेळ बदलायची आहे, आणि ते काम घरातल्या सगळ्यांचं आहे, एकट्या सूनबाईचं नव्हे. म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुला लिहिते.

जन्मल्यावर लेकराला दिवस-रात्र कळत नाही. रात्र झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य त्याच्या अंगात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून ठरल्या वेळी तयार व्हायला लागतं. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून थोडं मिळतं, तेवढंच. हे आतलं घड्याळ लावतो तो उजेड. सकाळी ऊन-उजेड डोळ्यांपुढं आला आणि संध्याकाळी अंधार झाला, असं रोज होत राहिलं की घड्याळ बसतं. छकुली अडीच महिन्यांची आहे, म्हणजे तिचं घड्याळ बसायची हीच वेळ. आणि नेमक्या याच वेळी तुमच्या घरात उजेड-अंधार तुझ्या पाळ्यांप्रमाणं चालतो.

मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. रात्रपाळीच्या आठवड्यात तू सकाळी वाळूजहून येऊन झोपतोस. मग सूनबाई खिडकीला जाड चादर लावते, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती पातेल्यात वरण शिजवते, आणि कूलर एकाच खोलीत म्हणून लेकरूही तिथंच अंधारात, तुझ्या शेजारी. भर दुपारी बारा वाजता तुमच्या घरात मध्यरात्र असते. संध्याकाळी तू उठलास की ट्यूबलाइट लागते, टीव्ही लागतो, येणंजाणं सुरू होतं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तू रात्री साडेबाराला घरी येतोस, लाइट लावतोस आणि झोपलेल्या लेकराला उचलून घेतोस. दिवसभर तिचं तोंड दिसलेलं नसतं, ती माया मला कळते. तीही तुझ्याकडं बघून खुदकन हसते. पण मग ती तीनपर्यंत टक्क जागी राहते, आणि तू जेवून झोपलेला असतोस.

तेव्हा असं करा. तू दिवसा झोपशील तेव्हा पाठीमागच्या खोलीत झोप. तिथं टेबल पंखा लाव, हवं तर कानात कापूस घाल. लेकरू पुढच्या खोलीत, दार-खिडकी उघडी ठेवून, घरातल्या नेहमीच्या आवाजात झोपू दे. भांडी वाजू देत, शिट्टी होऊ दे. दिवसाची झोप मोडायची नाही, ती तिच्या हक्काची आहे. फक्त ती उजेडात होऊ दे. सकाळी सात-साडेसातच्या आत तिला उठवा आणि कोवळं ऊन अंगणात असेल तेवढ्यात बाहेर आणा. उन्हाळ्यात नऊनंतर आपल्याकडं ऊन सोसवत नाही, त्याआधी. तुझी दुसरी पाळी असते तेव्हा ही सकाळ तुझी. तेल लाव, बोल, हसव, मांडीवर घेऊन पेपर वाच. रात्री आलास की हातपाय धुऊन नुसतं बघ आणि दिवा न लावता झोप.

संध्याकाळचा क्रम एकच ठेवा, पाळी कोणतीही असो. दिवेलागणीनंतर ओल्या फडक्यानं अंग पुसणं किंवा कोमट पाण्याची अंघोळ, स्वच्छ सुती झबलं, मग मोठा दिवा बंद, अंगावर पाजणं, ढेकर, आणि एकच अंगाई. रोज तीच. लेकराला शब्द कळत नाहीत, पण कशामागून काय येतं ते फार लवकर कळतं. पहिल्या पाळीला तू संध्याकाळी घरी असतोस, त्या आठवड्यात पाजणं सोडून बाकी सगळं तू कर. रात्री दुधासाठी उठेल तेव्हा बोलणं नाही, खेळणं नाही, मोबाइल नाही. झिरोच्या दिव्यात पाजायचं, लंगोट बदलायचा, परत ठेवायचं. रात्रीचं दूध बंद करायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. या वयात पोट लहान असतं, दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि रात्री पाजल्यानं आईचं दूधही टिकतं.

झोपवायची वेळ ओळखणं हे खरं कसब आहे. या वयाचं लेकरू एका वेळी तास-दीड तासच सुखानं जागं राहतं. मग भुवया लालसर होतात, नजर कुठंतरी लागून राहते, तोंड फिरवतं, मुठी डोळ्यांवर घासतं. वाफसा असताना तिफण चालवली तर चालते, एकदा जमीन कडक झाली की बैलं दमतात; तसंच हे आहे. ती खूण दिसली की लगेच खाली ठेवायचं. वेळ टळली तर लेकरू दमून चिडतं आणि दमलेलं लेकरू उलट जास्त रडतं. 'दिवसा जागं ठेवा, रात्री गाढ झोपंल' हा सल्ला तुला चार जण देतील. तो खोटा आहे.

आता झोळीचं. सूनबाईच्या माहेरून, अंबाजोगाईहून, झोळी आली आहे, लुगड्याची, मऊ. तिच्यावर त्यांचा जीव आहे, माझा राग नाही. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे झोळीत लेकराचं अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ कापड तोंडावर येऊ शकतं. लहान लेकराला मान उचलून श्वासाची वाट मोकळी करता येत नाही. दुसरी गोष्ट सवयीची. लेकराच्या झोपेचा फेरा साधारण 50 मिनिटांचा असतो. फेरा संपला की ते जरासं जागं होतं, चाचपतं, आणि झोप लागताना जसं होतं तसंच आताही असेल तर पुन्हा झोपतं. झोके घेत झोपलेल्या लेकराला दर फेऱ्याला झोका हवा असतो. रात्री दोन वाजता दोरी ओढत बसलेली आई तू बघितली आहेस. म्हणून शांत करायला झोका द्या, कुणीतरी जवळ बसून. पण डोळे जड झाले, अजून मिटले नाहीत, तेव्हा खाली अंथरुणावर ठेवा. कुरकुरली तर हात छातीवर ठेवून थोपटा. एका दिवसात जमणार नाही. दिवसातून एकदा, सकाळच्या पहिल्या झोपेला जमवून बघा, तेव्हा सगळ्यात सोपं जातं.

आणि लगेच उचलू नका. तान्ह्या लेकराची जवळजवळ निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, कण्हतं, हातपाय झाडतं, मध्येच हसतं. आपल्याकडं म्हणतात, सटवाई हसवते. ते लेकरू झोपेत असतं. मागच्या महिन्यात मी छकुलीजवळ बसून बघितलं: तोंड वाकडं केलं, रडणार असं वाटलं, एक पाय झाडला, उसासा टाकला आणि परत शांत. तेवढ्यात कुणी उचललं असतं तर तिची झोप आपणच मोडली असती. मिनिटभर थांबा, ऐका. खरं रडणं चढत जातं, ते वेगळं ऐकू येतं.

कसं झोपवायचं, यात मात्र तडजोड नाही. पाठीवर, उताणं, प्रत्येक वेळी, दिवसाच्या झोपेलासुद्धा. अमेरिकेत 1994 पासून लेकरांना उताणं झोपवायची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या लेकरांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. हा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त असतो. अंथरूण कडक आणि सपाट हवं, खाली गादी असली तर पातळ. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी दिली आहे ना, ती काढून ठेव. वाकळ, दुलई, कापसाची खेळणी, काही नको. तुमच्या खोलीतच, सूनबाईच्या हाताला लागेल इतक्या जवळ, पण तिचं वेगळं अंथरूण. निदान सहा महिने. सोफ्यावर छातीशी घेऊन तू डुलकी काढतोस, ते बंद कर, रात्रपाळीहून आलेला माणूस किती गाढ झोपतो ते त्यालाच कळत नाही. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढायची नाही. संध्याकाळी धुरी द्यायची पद्धत आहे, तीही नको. ओवा-वावडिंगाचा झाला तरी धूर तो धूरच.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पारा चाळिशी ओलांडतो आणि वर पत्रा तापतो, अशा घरात टोपडं-कुंची घालून घट्ट बांधलेलं लेकरू कसं झोपेल? लेकराच्या अंगातली ऊब डोक्यावाटे बाहेर पडते. झोपताना टोपडं काढा, एकच पातळ सुती झबलं पुरे. हातपाय गार लागले म्हणून पांघरूण घालू नका, मानेमागं आणि छातीवर हात लावून बघा. तिथं घाम असेल तर तिला उकडतंय. कूलर चालेल, पण झोत अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी. पाणी पाजू नका, सहा महिने आईच्या दुधातच तिचं पाणी आहे. पाणी सूनबाईनं प्यायचं, आणि तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचं काम तुझं. लाइट गेली की तिला कडेवर घेऊन दारात उभा राहा, विंझणा हातात घे.

मे-जूनमध्ये, चौथ्या महिन्याच्या सुमारास, बसलेली घडी एकदा विस्कटेल. लेकराची झोप तेव्हा मोठ्या माणसासारखी बदलायला लागते आणि रात्री जास्त वेळा जाग येते. घाबरू नका, क्रम सोडू नका. त्याच सुमारास ती कुशीवर वळायला बघेल. तशी खूण दिसली की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवसापासून बंद.

काही रात्री काहीच उपयोग होणार नाही. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडेल. अशा वेळी तुझं डोकं तापलं तर तिला उताणं अंथरुणावर ठेव आणि पाच मिनिटं अंगणात जा. हलवायचं, झिंजाडायचं कधीही नाही; तान्ह्या मेंदूला त्यानं कायमची इजा होते. पण ताप 100.4 च्या वर गेला, दूध ओढेना झाली, उठवूनही उठेना, श्वास थांबून थांबून येतो असं वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

सूनबाईकडं लक्ष दे. लेकरू झोपल्यावरही तिला झोप लागत नसेल, कारण नसताना डोळे भरून येत असतील आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला डॉक्टरकडं घेऊन जा. तिला 'सगळ्याच बाया करतात' असं कुणी म्हणालं तर तू मध्ये पड. सुट्टीच्या दिवशी सकाळचं पाजून झालं की लेकरू तू घे आणि तिला सलग तीन तास झोपू दे. स्वयंपाक राहिला तर खानावळीतून डबा आण.

10 आठवड्यांच्या लसी झाल्या, आता 14 आठवड्यांच्या आहेत. तारीख कार्डावर बघून ठेव. त्या रात्री थोडा ताप येईल, मांडी दुखेल, झोप मोडेल. औषध किती द्यायचं ते लस देणाऱ्या सिस्टरलाच विचार आणि तो दिवस पाळी बदलून घे. पुढच्या आठवड्यात तुझी पहिली पाळी आहे म्हणालास, तर सोमवारपासूनच सुरू कर. एका वहीत रोज लिही: किती वाजता झोपली, किती वाजता उठली. पुढच्या रविवारी फोनवर मला वाचून दाखव, मग पुढचं सांगते.

तुझी
आई