चाळीचे पत्रे

ठाणे, २९ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

कांद्याच्या चाळीच्या पत्र्यांचे चाळीस हजार गणपतीत पाठवतो म्हणालो होतो. फोनवर दोनदा पगाराला उशीर झाल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. ते पैसे मी शेअर बाजारात घालवले. सगळे मिळून एक लाख साठ हजार गेले. फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

बाजार पडला असेल, असं तुम्ही म्हणाल. पडला, पण त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तो चढलाही होता. १ जूनला शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला. माझ्याकडे निफ्टीचे कॉल होते, म्हणजे भाव चढेल यावर लावलेला डाव. दुपारपर्यंत बावीस हजार सुटले. ऑफिसातल्या दोघांना चहा पाजला. एक्झिट पोल काही मी केले नव्हते, तरी चहा पाजताना वाटत होतं की हे माझ्या डोक्यानं कमावलंय. बाजार बंद व्हायच्या आत दुप्पट कॉल घेतले.

मंगळवारी मतमोजणी. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला. मी स्टॉप लॉस लावलेला होता, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकायची सूचना. भाव तिथवर आला तेव्हा तो खाली सरकवला. मग अजून खाली. मग काढूनच टाकला. समोरचा भाव मला दिसतच नव्हता, फक्त मी कितीला घेतला तेवढं दिसत होतं. आई चाळीत कांदा निवडते तेव्हा सडका निघाला की बाजूला टाकते. त्याच्यावर खत किती घातलं होतं म्हणून तो परत राशीत ठेवत नाही. मी ठेवला. (एका वर्षी भाव वाढेल म्हणून तुम्हीही ठेवला होता, आई अजून टोमणे मारते. पण तो विषय नको.)

त्यापुढचं जास्त लाजिरवाणं आहे. दुपारी कॉल मातीमोल भावात विकले आणि पत्र्यांचे चाळीस हजार काढून पुट घेतले, म्हणजे आता उलटा डाव, बाजार अजून पडेल असा. लगेच भरून काढायचं होतं. बुधवारी सेन्सेक्स २,३०० अंकांनी वर आला. आदल्या दिवशीच्या घबराटीत पुटचे भाव फुगलेले होते, ती ओसरली तशी त्यांतली हवाही गेली.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गेल्याचं दुःख मोठं असतं, आणि एरवी जपून वागणारा माणूस तोट्यात गेला की बरोबरी साधायला मोठा जुगार खेळतो. कानेमनना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बाबा, हे मी जूनच्या आधीच वाचलेलं होतं. पेन्सिलीनं खुणासुद्धा केल्या होत्या.

गेल्या आठवड्यात शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा अहवाल आला. मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (कॉल-पुट हे त्यातलेच) करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी दोन लाखांच्या आसपास. वाचून मला आधी काय वाटलं सांगू? आपला तोटा सरासरीपेक्षा कमी आहे! म्हणजे खोड अजून गेलेली नाही. ॲपमधून ऑप्शन्स बंद करून टाकलेत, म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम जाते ती एसआयपी तेवढी चालू ठेवलीय.

ऑक्टोबरपासून महिन्याला आठ हजार पाठवतो. फेब्रुवारीत चाळीस पुरे होतील, नवा उन्हाळ कांदा भरायच्या आत पत्रे बसतील. आई, बाबा ओरडले तर ओरडू दे, तू मध्ये पडू नकोस.

काकांना मात्र तुम्ही काही सांगू नका. त्या सोमवारी त्यांनी मला 'कोणता घेऊ' म्हणून विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं. त्यांना मीच फोन करतो.

तुमचा,
संदीप