घोरणारा लठ्ठच असावा लागतो काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील झोपविकारांवरचा लेख आवडल्याचे कळवणार होतो. परंतु सोबतचे ढेरपोट्या गृहस्थांचे व्यंगचित्र आणि ‘वजन उतरवा, घोरणे पळवा’ हा मथळा पाहून तो विचार सोडला. क्रिस्तियाँ गिलमिनो यांची लेखकाने एका ओळीत बोळवण केली आहे. मार्सेयमध्ये जन्मलेल्या या मेंदूविकारतज्ज्ञाने १९७२ मध्ये स्टॅनफर्डला गेल्यावर झोपेतल्या मेंदूलहरींबरोबर रुग्णाचा श्वास आणि हृदयाचे ठोकेही रात्रभर नोंदवायला सुरुवात केली, आणि झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा हा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, केवळ लठ्ठांचा नाही, हे २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते सांगत राहिले. १९७६ मध्ये त्यांनी आठ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसा पेंगणे, अभ्यासात मागे पडणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, सकाळी डोके दुखणे, ही लक्षणे त्यांत आहेत.

ही सगळी लक्षणे माझ्या आठ वर्षांच्या नातवात होती. उशीवरून मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून तो झोपे. घोरता घोरता एकदम शांत होई. मी उशाशी बसून घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजत असे, बारा, कधी चौदा, आणि मग तो गचका देऊन श्वास घेई. आमच्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “आजोबा, याच्या बरगड्या मोजता येतात, याला कसला अ‍ॅप्निया? घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय.” शाळेने प्रगतिपुस्तकावर ‘आळशी’ असा शेरा मारला. त्यात दोन वर्षे गेली. अखेर रात्रभराची झोपेची तपासणी झाली, टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्या, आणि घरात शांतता झाली. इतकी, की पहिल्या आठवड्यात तो श्वास घेतो आहे ना, हे पाहायला मीच रात्री तीनतीनदा उठत होतो.

आपले व्यंगचित्र पाहून असाच एखादा आजोबा निर्धास्त झोपला असेल.

जाता जाता एक विचारतो. त्याच लेखाच्या खाली घोरणे सात दिवसांत थांबवणाऱ्या अंगठीची जाहिरात होती. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे आपले उत्तर मला पाठ आहे. पान मात्र एकच होते.

आपला,
एक जुना वाचक, मिरज