राक्षसाने रंग कधी पुसावा

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तू ‘खेळ संपला का?’ असे विचारलेस आणि मी नुसते ‘हो’ म्हणून विषय बदलला. ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ हा संगणकावरचा खेळ संपवून आठ दिवस झाले, तरी त्याचा शेवट मनातून जात नाही. ज्याच्याबरोबर या गोष्टीची सुरुवात केली, त्याला तरी हे नीट सांगावे, म्हणून लिहायला बसलो आहे.

१९९० साली निघालेला पहिला भाग आपल्या हाती पडला तो बऱ्याच वर्षांनी, शहापुरातल्या तुमच्या माडीवर. समुद्री चाचा व्हायला निघालेला तो काटकुळा गायब्रश थ्रीपवुड, आणि तलवारीपेक्षा जिभेने लढायची ती द्वंद्वे तुला आठवत असतील. समोरच्याच्या टोमण्याला बिनतोड उत्तर सापडेपर्यंत एक पाऊल पुढे पडत नसे. ते टोमणे आपण आपल्या बेळगावी बोलीत करून एकमेकांवर फेकत होतो, आणि खालून काकू ‘काय दंगा लावलाय रे!’ म्हणून ओरडायच्या. त्या माडीवर बसून आपण मंकी आयलंडचे रहस्य काय असेल याच्या किती पैजा लावल्या!

दुसऱ्या भागाच्या (१९९१) शेवटी गायब्रश आणि त्याचा वैरी लेचक एका जत्रेसारख्या करमणूक उद्यानात लहान मुले होऊन बाहेर पडतात, तेव्हा आपण दोघेही चिडलो होतो. पण पुढच्या भागात उलगडा होईल, अशी आशा होती. पुढचे भाग मूळ कर्ता रॉन गिल्बर्ट याच्याविना निघाले. तो स्वतः गोष्ट पुढे न्यायला आला थेट १९ सप्टेंबर २०२२ रोजी. इतकी वर्षे मनात जपलेली गोष्ट ज्याची त्याच्याच तोंडून ऐकायला मिळणार, या आनंदात मी खेळायला बसलो.

आणि खरे सांगतो, बहुतेक खेळ उत्तम आहे. सुरुवातच अशी की मी खुर्चीवर सरसावून बसलो: दुसऱ्या भागाचा तो अवघड शेवट म्हणजे गायब्रशच्या मुलाचा आपल्या सवंगड्याबरोबर चाललेला खेळ होता, असे दिसते, आणि मग बाकावर बसलेला बाप मुलाला खरी हकिकत सांगू लागतो. जुनी जखम इतक्या हळुवार हाताने बांधलेली मी पाहिली नव्हती. पुढे रहस्याच्या हव्यासापायी गायब्रश जे जे तोडतो, फसवतो, बिघडवतो, त्याबद्दल त्याची बायको एलेन त्याच्याबरोबर चालत चालत एकेक करून विचारते. ती रागावत नाही. आवाज चढवत नाही. स्कर्व्ही हा खलाशांना होणारा रोग टाळण्यासाठी लिंबे वाटण्याच्या कामाला जुंपलेली ती बाई नवऱ्याकडे अशी पाहते की, आता याला स्वतःला उत्तर द्यावेच लागणार, असे वाटते.

ते उत्तर कधीच द्यावे लागत नाही. मंकी आयलंडवरच्या माकडाच्या प्रचंड मस्तकाखालच्या भुयारातला शेवटचा दरवाजा उघडला की गायब्रश पहिल्या भागातल्या ‘मेले’ नावाच्या बेटावरच्या त्याच जुन्या गल्लीत येतो. माणसे उभी असतात, पण ती यंत्राच्या बाहुल्या. जुन्या भागांतला जहाजविक्या स्टॅन किल्ल्या हातात देतो आणि जाताना दिवे मालवायला सांगतो. पेटी उघडावी, तर रहस्य म्हणून आत एक टी-शर्ट. तिथे आपण काय करतो त्यावर शेवटची दृश्ये थोडीथोडी बदलतात. मी तीन वेळा मागे जाऊन पाहिले. लेचकशी अखेरचा सामना मात्र कुठेच होत नाही. ज्याच्या दाढीच्या भीतीने आपण कधी काळी माडीचा दिवा लावून ठेवत होतो, तो मागच्या मागे राहून जातो.

टी-शर्टबद्दल माझी तक्रार नाही. एवढ्या वर्षांच्या पैजांना पुरी पडेल अशी वस्तू कोणत्याच पेटीत मावली नसती. माझे दुःख निराळे आहे. तुझ्या आजोळी, सावंतवाडीकडे, आपण रात्रभर दशावतार पाहिला होता. पहाटे देवळामागच्या विहिरीवर राक्षस झालेला माणूस तोंडावरचा लाल रंग धूत होता. कानामागे रंग तसाच राहिला होता, आणि तो तुझ्या मामांना ‘भात लावून झाला का?’ असे विचारत होता. आपल्याला त्याचे वाईट वाटले नाही, उलट आपण त्याच्याकडे अधिकच कौतुकाने पाहिले, कारण मारला जाईपर्यंत तो राक्षसच होता. युद्धाला तोंड लागले असताना रंगमंचावरच त्याने रंग पुसला असता, तर? गिल्बर्टने नेमके तेच केले, आणि तेही दुसऱ्यांदा, पहिल्या वेळची भरपाई स्वतःच्या हाताने करून झाल्यावर.

शेवटी गायब्रश बाकावर एकटाच बसून राहतो. काही जणांना ते दृश्य फार भावले असेल आणि त्यातली उदासी मलाही कळते. पण त्याला तिथे बसलेला पाहताना मला एलेनचे प्रश्न आठवत होते. त्यांतला एकही त्याच्यापाशी येऊन थांबला नाही.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. शहापूरची माडी अजून आहे, तिची किल्ली माझ्याकडेच असते. भुयारातल्या त्या दरवाजापर्यंत तू खेळ, मी शेजारी बसतो. आणि तो उघडण्याआधी लेचकशी शेवटची लढाई कशी व्हायला हवी होती, ते आपण दोघे टोमण्यांसकट ठरवू. माझे पहिले तीन टोमणे तयार आहेत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जुना सवंगडी