मोटरहोमचे ॲव्हरेज आणि ‘रिमॅपिंग’चे आमिष

संपादक महोदय,

राज्य शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटन धोरण आणले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, ॲव्हरेज वाढवून देतो असे सांगून इंजिनाचा ईसीयू (डिझेल किती सोडायचे हे ठरवणारा संगणक) ‘रिमॅप’ करून, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्रॅम बदलून देणाऱ्यांपासून मालकांनी सावध राहावे, असे अनुभवावरून कळकळीने सांगावेसे वाटते.

माझी २०१८ सालची बीएस-४ (जुन्या प्रदूषण मानकाची) डिझेल गाडी लिटरला साडेनऊ किलोमीटर जात असे, ती आठवर आली म्हणून मी एका गॅरेजमध्ये रिमॅप करून घेतले. बोर घाटात ओढ वाढल्यासारखी वाटली खरी, पण मागे काळा धूर सुटू लागला आणि टाकी फुल करून हिशेब केला तेव्हा आकडा साडेसातवर घसरलेला होता. अखेर मुलुंडच्या एका जुन्या मिस्त्रींनी टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याकडून) इंटरकूलरला (ती हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी पाइप हाताने पिळून पाहिला, तेव्हा क्लिपच्या कडेला, तेलाने ओलसर झालेल्या जागी, बोटभर चीर उघडली. संगणक जेवढी हवा मोजत होता तेवढी सिलिंडरपर्यंत पोहोचतच नव्हती, आणि त्यात रिमॅपने डिझेल वाढवल्यामुळे ते अर्धवट जळून त्याची काजळी होत होती. पाइप बदलून मूळ प्रोग्रॅम परत टाकल्यावर गाडी पुन्हा नऊच्या वर गेली.

उरलेला फरक वजनाचा निघाला. कळंबोलीला वजनकाट्यावर गाडी चढवली, तर ती परवानगीपेक्षा १८० किलो जास्त भरली. त्यातले १२० किलो म्हणजे घरून भरून नेलेली पाण्याची टाकी, जी मुक्कामाजवळ भरली असती तरी चालले असते. शिवाय अशा उंच, चौकोनी गाडीने द्रुतगती मार्गावर ताशी ८० ऐवजी १०० चा वेग धरला, की हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो, आणि त्यावर कोणत्याही प्रोग्रॅमचा इलाज नाही.

याहून गंभीर बाब अशी की, एप्रिल २०२० पासूनच्या, अधिक कडक बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांमधील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही ॲव्हरेजच्या नावाखाली काढला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईची हिवाळ्यातील हवा पाहता, योग्यता प्रमाणपत्र देताना परिवहन विभागाने केवळ धूर मोजून न थांबता, फिल्टर जागेवर आहे की नाही हेही गाडीखाली वाकून पाहावे, ही विनंती.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई