२०३च्या वहिनींना, वरच्या मजल्यावरून

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या दारात येऊन आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आलो. "आभार कसले भावजी, बसा," म्हणता म्हणता तुम्ही शिलाई मशीनवर बसता, आणि एकदा पेडल दाबलं गेलं की तुम्हाला कुणाचं काही ऐकू येत नाही. पुढच्या महिन्यात आपली इमारत पाडायला जातेय. तुम्ही बदलापूरला, आम्ही इथेच डोंबिवलीत दोन गल्ल्या सोडून. सामानाच्या खोक्यांमध्ये हे राहून जाईल, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय. वाचणाऱ्यांना आपली हकिकत ठाऊक नाही, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. सांभाळून घ्या.

निवृत्तीनंतर मी स्क्रोल सॉ घेतला तेव्हा बायकोने "ठेवणार कुठे?" विचारलं आणि मुलाने "करून विकणार का?" विचारलं. लाकडाचं काही करतो म्हटलं की हा दुसरा प्रश्न ठरलेला. सकाळी फिरायला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, की चालून किती सुटतात! असो. यंत्र तसं साधं आहे. दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये पाच इंचांचं पातं ताणून बसवलेलं, इतकं बारीक की उजेडात धरल्याशिवाय त्याचे दात दिसत नाहीत. मोटर सुरू केली की ते जागच्या जागी वरखाली होतं, मिनिटाला ४०० वेळा, वेग वाढवला तर १६०० वेळा. लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवत न्यायचं. जाळी, अक्षरं, वेलबुट्टी, सगळं यावर कापता येतं.

मी ते लोखंडी टेबलावर ठेवलं आणि टेबल पुढच्या खोलीत मधोमध, ट्यूबलाइटखाली. रात्री साडेनऊला मुहूर्त केला. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात तुम्ही, गळ्यात टेप तसाच. "भावजी, वर काय गिरणी टाकलीत का?"

मला वाटलं, झालं. आपल्या सोसायटीत वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी खाली टपकलं तरी महिनाभर अबोला चालतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्ही सरळ आत आलात, मशीन चालू करायला लावलंत आणि टेबलावर तळहात ठेवून उभ्या राहिलात, डॉक्टर नाडी बघतात तशा. मग म्हणालात, "पायांखाली काय घातलंय?"

काहीच घातलं नव्हतं.

"आणि मधोमध कशाला? मधे स्लॅब ढोलकीसारखा वाजतो. माझ्या मशीनला मोटर बसवली तेव्हा १०३चे आजोबा असेच वर आले होते."

दुसऱ्या दिवशी टेबल कोपऱ्यात गेलं, जिथे दोन तुळया येऊन खांबाला मिळतात. टायरवाल्याकडून जाड रबराचे चार तुकडे आणून पायांखाली घातले. टेबलाच्या खालच्या फळीवर, बाथरूमच्या कामातून उरलेल्या फरशा रचल्या. तुम्ही खाली तुमच्या घरात स्टुलावर पाण्याचा पेला ठेवून बसलात आणि मी वर मशीन चालू केलं. आदल्या रात्री म्हणे पाण्यात एकात एक गोल उठत होते. आता पाणी स्थिर. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. आवाज थोडा तरी येणारच, म्हणून स्वतःच वेळ ठरवून दिलीत: "माझं मशीन चालू असेल तेव्हा तुमचं चालवा. मला माझ्याच मशीनपुढे तुमचं ऐकू येत नाही." तेव्हापासून चार वर्षं रोज सकाळी दहाच्या सुमाराला मी जमिनीला कान लावल्यासारखा बसतो. तुमची घरघर सुरू झाली की माझी सुरू. तुमचा दोरा तुटला की मीही थांबतो. बायको म्हणते, "बघा, मालकीणबाईंनी सुट्टी दिली."

हे झालं शेजारधर्माचं. आभाराची खरी गोष्ट पुढे आहे. लाकडाचं हे काम मला लाकूडवाल्यांनी शिकवलंच नाही. इंटरनेटवरचे दादा लोक गाडी मावेल एवढ्या गराजमध्ये उभे राहून शिकवतात. मी पाहिलं बरंच, पण हात काही वळेना. रेघ उजवीकडे जायची, पातं तुटायचं, कडा करपायच्या. त्या काळात तुम्ही एकदा ब्लाउज द्यायला वर आलात आणि मागे उभं राहून बघत बसलात.

"अहो, हे तर शिवायचंच मशीन की! ढकलताय कशाला? कापड ढकललं की सुई वाकते."

मी हात सैल सोडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पातं स्वतःच्या चालीने लाकूड खाताना दिसलं. मग म्हणालात, सुईकडे बघू नका, पुढच्या रेघेकडे बघा. सुई कुठे आहे ते हाताला कळतं. तेही खरं निघालं. रेघ उजवीकडे का जाते याचं उत्तर मात्र तुमच्याकडे नव्हतं. पातं बनवताना त्याच्या एका बाजूला बारीक धसकट राहतं, ती बाजू जास्त कापते आणि सगळी चाल तिकडे ओढली जाते, हे मी नंतर वाचलं. पण उपाय तुम्ही आधीच सांगून गेला होतात: "प्रत्येक मशीनला खोड असते. नाकासमोर बसू नका, जरा तिरके बसा." माझी खुर्ची अजून तिरकी आहे. नवखा कुणी बघायला आला की सरळ करून ठेवतो, मी परत तिरकी करतो.

तुमची एक गोष्ट तेवढी जशीच्या तशी चालली नाही, तीही लिहून ठेवतो. कोपरा आला की सुई कापडात ठेवून मशीन थांबवायचं, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, हे तुमचं शास्त्र. मी मशीन थांबवून लाकूड फिरवलं आणि पातं टण्‌कन तुटून छताकडे उडालं. लाकडाच्या कामात मशीन चालूच ठेवावं लागतं. पुढे सरकवणं थांबवायचं आणि जागच्या जागी लाकूड झटकन वळवायचं, म्हणजे दात स्वतःपुरती जागा करून घेतात. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही दोन मिनिटं विचार केलात आणि म्हणालात, "बरोबर आहे, कापड मऊ असतं."

पात्यांच्या नंबरांचंही तसंच. दोन शून्यापासून बारापर्यंत नंबर, आणि मी सगळ्या कामाला एकच पाच नंबर वापरत होतो. तुमच्या डब्यात ११, १४, १६ अशा सुया कागदाच्या पुड्यांत वेगवेगळ्या ठेवलेल्या. "रुबियाला सोळा लावली तर भोकं पडतील आणि जीन्सला अकरा लावली तर मोडेल. कापड बदललं की सुई बदलायची. तुम्ही सुई वाचवताय आणि कापड घालवताय." आता चार मिलिमीटरच्या प्लायला दोन नंबर, जाड सागाला सात. आणि बोथट झालं की फेकायचं. बोथट पात्यावर आपण नकळत जोर लावतो, ते मधे फुगतं, आणि वरून कापलेला गोल खालून अंडाकृती निघतो. पाती डझनाने मिळतात, लाकूड तसं मिळत नाही, हा हिशोब निवृत्त माणसाच्या हाडात उतरायला वेळ लागतो एवढंच.

जाळीचं काम करताना मी कुरकुरलो तेव्हाचं तुमचं बोलणंही आठवतं. जाळीच्या प्रत्येक भोकाला आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, छिद्रातून वर काढायचं, पुन्हा आवळायचं, बोटाने छेडून ताण बघायचा. साठ भोकांची जाळी म्हणजे हे साठ वेळा. "मी दिवसाला वीसदा सुई ओवते, या डोळ्यांनी. तुमचं भोक तरी दिसतं." आणि मग डाव्या हाताची तर्जनी पुढे केलीत. नखाच्या मधोमध उभी पांढरी रेघ. मोटर नवी होती त्या आठवड्यात सुई आरपार गेली होती म्हणालात, आणि संध्याकाळी त्याच हाताने फॉल लावलात. तेव्हापासून माझी बोटं पात्याच्या समोर कधी नसतात, बाजूला असतात.

परतफेड म्हणून मी एकच काम केलं आणि त्यातही फायदा माझाच झाला. तुमचे गळ्यांचे साचे पुठ्ठ्याचे, कडा कुरतडून मऊ पडलेले. पान गळा तर खडू फिरवून फिरवून विड्याच्या पानाऐवजी पिंपळाचं पान झाला होता. मी म्हटलं, प्लायचे करून देतो. एकेक कापायला लागलो तर तुम्ही कपाळावर हात मारलात. "चार अस्तरं मी एकदम कापते, तुम्ही एकेक काय करताय?" मग चार फळ्या एकावर एक, कडेने चिकटपट्टी, आणि एकच फेरा. मटका, पान, चौकोनी, पंचकोनी, प्रत्येकाचे चार हुबेहूब साचे. एक संच तुमचा, उरलेले तीन तुमच्या शिकाऊ मुलींना गेले.

नंतर वाचताना कळलं, की ही युक्ती भलतीच जुनी आहे. चौदाव्या लुईच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल नावाचा कारागीर होता, १६४२ ते १७३२. तो कासवाच्या कवचाचा आणि पितळेचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून नक्षी एकदम कापायचा. मग कवचात पितळेची नक्षी बसवून एक कपाट, आणि जे उरलं, म्हणजे पितळेत कवचाची नक्षी, त्याचं दुसरं जोडीचं कपाट. हे मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला सांगायला खाली आलो. तुम्ही हूक लावता लावता म्हणालात, "म्हणजे चिंध्याही वाया घालवल्या नाहीत." पॅरिसच्या त्या कलेवर मी पानंच्या पानं वाचली होती. तुम्ही चार शब्दांत मोकळ्या झालात.

आता नकाशाचं. ते लिहिलं नाही तर नात माफ करणार नाही.

नातीच्या वाढदिवसाला महाराष्ट्राचा नकाशा जिल्ह्याजिल्ह्यांत कापून द्यायचा घाट घातला. कल्पना माझी नाही. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशाकाराने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला होता, मुलांना भूगोल यावा म्हणून. आजची जिगसॉ कोडी तिथून आली. मी घरातला जुना नकाशा छापून घेतला, प्लायवर चिकटवला आणि तीन सकाळी खपून कापला. नातीने जुळवला, मोजला आणि म्हणाली, "आजोबा, पालघर?" नकाशा २०१४च्या आधीचा. ठाण्यातून पालघर निघालं त्याच्या आधीचा! ३६ ऐवजी ३५. जन्म ठाणे जिल्ह्यात काढलेल्या माणसाची ही गत. ठाण्याचा तुकडा पुन्हा टेबलावर घेतला, तुमचं मशीन सुरू व्हायची वाट पाहिली आणि सगळ्यात बारीक पात्याने पालघर वेगळं केलं.

त्याच गडबडीत मुंबई शहर हरवलं. त्या मापात तो जिल्हा तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता. उपनगराला जोडूनच ठेवायला हवा होता, पण मला हौस. भुसा चाळला, केर चाळला, नाही. तुम्ही खालून आलात आणि मशीनखाली अंथरलेल्या जुन्या साडीचा काठ उलटला. ती साडीही तुमचीच, "बटण, हूक, सुई, काही पडलं तरी इथे सापडतं" म्हणून दिलेली. शिवणीच्या दुमडीत मुंबई होती. नात अजून तो तुकडा जागेवर बसवताना "काकूआजींची मुंबई" म्हणते.

तुमच्याकडून शिकलेलं आणखीही आहे. कापलेल्या कडेवरून बोट फिरवायचं, डोळा फसतो. हे तर मी आता भाजी घेतानाही करतो. पण पत्र लांबलं.

ब्लाउजच्या साच्यांमधला बोट नेकचा एक राहिलाय. सामान हलवायच्या आधी देतो, नाहीतर बदलापूरला घेऊन येईन. नव्या घराच्या घरमालकांना आधीच सांगून ठेवा, की मशीन कोपऱ्यात ठेवणार आहात. रबराचे चार तुकडे तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवलेत.

आणि एक विचारायचं होतं. नव्या इमारतीत घरं वाटताना पसंती लिहून द्यायची आहे. तुम्ही सातवा मजला मागितलाय असं सेक्रेटरींकडून कळलं. मी आठवा लिहिलाय, त्याच बाजूचा. हरकत असेल तर शनिवारपर्यंत सांगा, फॉर्म तेव्हा द्यायचाय.

आपला,
३०३